तणमोराचं रक्त

२२ जून १९९१, धुळे

ही वही प्रकल्पाची नाही. प्रकल्पाची वही निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात पक्ष्याचं वजन, पंखाची लांबी, कुपीचा क्रमांक एवढंच जायचं, आणि दर महिन्याला ती पुण्याला डॉ. सरपोतदारांकडे तपासायला जायची. त्या रकान्यांत जे बसणार नाही ते इथे लिहीन म्हणतो.

सोळा वर्षं मी कॉलेजात बेडूक चिरून दाखवतोय. दोनदा पीएच.डी.ला नाव घातलं, दोन्हीदा मुदत उलटून गेली. धरणगावला गेलो की वडील काही विचारत नाहीत, पण कोणी आलं की "आमचे गिरधर प्रोफेसर आहेत" म्हणतात आणि 'डॉक्टर' हा शब्द टाळून पुढे जातात. आता प्रकल्पासाठी, आणि त्यावरच प्रबंध करायला, सरपोतदारांनी शेकडो अर्जांतून मला निवडलं. घरी बायको, सुमन, म्हणाली, शेकडो कशावरून? मला माहीत नाही, पण असतील.

काम असं. शिंदखेड्याच्या बाजूला खैरकुंडीच्या कुरणात तणमोर येतो. कोंबड्याएवढा पक्षी, पावसाळ्यात विणीला येतो आणि नंतर कुठे जातो ते कोणाला ठाऊक नाही. देशभरात थोडे उरलेत. त्यांना फाशात धरायचं, पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं आणि सोडून द्यायचं. रक्त हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाईल. तिथे त्यातला वंशाचा धागा उलगडून फिल्मवर रेघा उमटवतात. माणसाच्या बोटांचे ठसे असतात तशा प्रत्येक पक्ष्याच्या रेघा वेगळ्या. जितक्या वेगळ्या तितकं त्या कळपाचं रक्त ताजं. सगळ्यांच्या सारख्या निघाल्या तर समजायचं की आपापसांत जोड्या लागून वंश झिजत चाललाय.

सुमनला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "रक्त काढून पक्षी वाचणार कसा?" तिचा प्रश्न तसा बरोबर होता. मी म्हटलं, आधी रोग कळला पाहिजे.

९ जुलै

खैरकुंडी. धुळ्याहून जीपने निघालो, चालक पुना. कुरण म्हणजे मैलभर पवन्या आणि शेडा गवत, मध्ये एकदोन खैर, आणि उत्तरेला बुराई नदी. नदीपलीकडे असंच कुरण आहे, पण ते थोडं उंच आणि खडकाळ.

कुरणाच्या राखणदाराने सांगितलं, पक्ष्यांचं काही विचारायचं तर तानुबाईला विचारा. ही बाई पन्नाशीची, नवरा नाही, वर्षानुवर्षं इथे गवत कापते. हातात विळा, डोक्याला फडकं. मी ओळख सांगितली तेव्हा तिने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, हे काढा, आवाज करतस.

अनवाणी तिच्या मागे गेलो. अर्धा तास बसवून ठेवलं. मग गवतातून एक काळाभोर नर सरळ माणसाच्या उंचीएवढा वर उडाला, पंखांचा खर्रर्र आवाज झाला, कानामागचे तुरे मागे वळले, आणि पुन्हा गवतात दिसेनासा. मिनिटाने पुन्हा. ती म्हणाली, दिवसभरात मोजता येणार नाहीत इतक्या वेळा उडतो, मादीला दिसावा म्हणून. ती त्याला खरमोर म्हणते.

मी चाळीस उड्या मोजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे निळ्या वहीत लिहिता येणार नाही.

परत येताना ती म्हणाली, "आठे जे नाचतस त्या बठ्ठा एकच घरना शेतस, भाऊ. नदीना पल्याडना येगळा." कशावरून, विचारलं, तर म्हणाली, इथले नर तीनचार वर्षांपूर्वीच्या एकाच मादीची पिल्लं, आणि त्यांची पिल्लं. तिने ती मादी ओळखून ठेवली होती, तिच्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं. पल्याडचे नर उंच उडतात आणि उशिरा येतात.

आमच्या आईची बोली ऐकून बरं वाटलं. मी मात्र उत्तर पुस्तकी मराठीतच दिलं, सवयीने. निळ्या वहीत घातलं नाही, इथे एवढंच लिहितो : लोकसमजूत.

१४ जुलै

पहिला पक्षी धरला. फासे नायलॉनचे, मी मांडले होते, पण जागा तानुबाईने दाखवली. गवत किंचित दबलेलं असतं तिथून तो रोज चालत जातो म्हणे. सकाळी सातला अडकला.

टोपी घालून डोळे झाकले की शांत होतो असं पुस्तकात होतं. शांत झाला, पण छाती माझ्या तळहातात धडधडत होती. सुई तिसऱ्यांदा लागली. तानुबाईने पंख धरला होता, एकदाही हलू दिला नाही. कुपीत गडद लाल रक्त, पाव चमचाही नाही. सोडला तेव्हा चार पावलं पळाला, थांबला, अंग झटकलं आणि गवतात गेला.

एकेचाळीस वर्षांत इतकं नवं काही केलं नव्हतं.

२ ऑगस्ट

चार झाले. बर्फाची पंचाईत आहे. शिंदखेड्याहून थर्मासमध्ये बर्फ आणतो, दुपारपर्यंत निम्मा वितळतो. रक्त तापलं की वाया.

नदीपलीकडचं मनात होतं. पण पुराच्या पाण्यात जीप उतरत नाही, पुलावरून वळसा घ्यायचा तर चाळीस किलोमीटर आणि तिकडचा रस्ता पुना म्हणतो बैलगाडीचाही नाही. सरपोतदारांना लिहिलं होतं. उत्तर आलं, नमुन्यांची संख्या महत्त्वाची, जागा नव्हे, हंगाम संपण्याआधी नऊ तरी करा.

तानुबाईने स्वतःहून सांगितलं की ती थर्मास डोक्यावर घेऊन नदी ओलांडेल. तिला पाण्याचा उतार माहीत आहे. फासे ती मांडेल, रक्तही काढेल, चार वेळा पाहिलंय. मी हसलो. नाही म्हटलं. प्रशिक्षण नसलेल्या हाताचा नमुना शास्त्रात चालत नाही, हे तिला नीट समजावलं. ती म्हणाली बरं, आणि गवत कापायला गेली.

खरं सांगायचं तर तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. पण तसं लिहिलं तर कुपीवर सही कोणाची?

२१ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं, पण ही वही त्यासाठीच आहे.

आतापर्यंत सात नर झालेत. पुण्याहून निरोप होता की दोन माद्या हव्यातच, त्याशिवाय निष्कर्ष अपुरा. एक मादी परवा मिळाली. दुसरीसाठी आज पूर्वेच्या बांधाजवळ फासे मांडायला घेतले. तानुबाई आडवी आली. "आज आठे फासा नका मांडू, भाऊ. ती अंडासवर बसेल शे." मी विचारलं, दुसरी मादी कुठे मिळेल? ती म्हणाली, आठ दिवस थांबा, पिल्लं चालायला लागू द्या. आठ दिवसांनी मला रजा नाही. परीक्षांचं काम लागलंय.

मांडले. नऊ वाजता अडकली. नरापेक्षा मोठी, भुरकट. टोपी घातली, तरी शांत झाली नाही. मी रक्त घेतलं, पाहिजे होतं तेवढं मिळालं. सोडायला जमिनीवर ठेवली तर मान टाकली. मी पाणी शिंपडलं, पंख उघडून वारा घातला. पाच मिनिटांत डोळ्यावर पांढरी पापणी आली.

 तानुबाईने ती माझ्या हातातून घेतली, विळ्याने खड्डा केला आणि पुरली. मी म्हटलं, कातडं संग्रहालयासाठी लागेल. ती माती दाबत राहिली. मग बांधाकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, चार अंडी आहेत, दोन तास ऊन लागलं. एवढंच.

निळ्या वहीत लिहिलं : नमुना क्र. ९, मादी, हाताळणीच्या ताणामुळे मृत्यू. परदेशातल्या अहवालांतही शंभरात दोनतीन दगावतात. मी ते प्रमाण तपासून पाहिलं. नवात एक म्हणजे जास्त होतं.

२२ ऑगस्ट

कॉलेजला गेलो नाही. सुमनने विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हटलं.

१५ सप्टेंबर

भुसावळहून गाडी पकडून कुप्या स्वतः हैदराबादला पोचवून आलो. नऊच्या नऊ चांगल्या. तिथल्या माणसाने झाकण उघडून बर्फ पाहिला आणि म्हणाला, फार काळजीने आणलेत. इतक्या दिवसांत माझ्या कामाबद्दल कोणी पहिल्यांदाच चांगलं बोललं.

तानुबाईचा शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो होतो. भेटली नाही. नदीकडे गेलीय असं राखणदार म्हणाला.

११ मार्च १९९२

निकाल आला. फिल्मची प्रत सरपोतदारांनी पाठवली. नऊ पक्ष्यांच्या नऊ पट्ट्या शेजारी शेजारी, आणि रेघा जवळजवळ सगळ्या एका ओळीत. जणू एकच पक्षी नऊदा उमटलाय. सरांनी लाल शाईने लिहिलंय : 'अभूतपूर्व! वंशवैविध्य संपुष्टात.'

मी फिल्म खिडकीच्या काचेला लावून तासभर पाहिली. सुरुवातीला आनंद झाला. इतका ठळक निकाल म्हणजे नाव होणार. मग तानुबाईचं ते वाक्य आठवलं, बठ्ठा एकच घरना, सगळे एकाच घरचे. भावाबहिणींचं रक्त घेतलं तर रेघा सारख्या येणारच. मग संपलं काय, खैरकुंडीचा तणमोर की फक्त एका मादीचं घर?

सरांना पत्र लिहिलं की एक हंगाम नदीपलीकडे काम करू या. एका गवत कापणाऱ्या बाईचा संदर्भ कसा देणार, म्हणून 'काही क्षेत्रीय शंका' एवढंच लिहिलं.

३० मार्च

सरांचं उत्तर. आधी निबंध, मग शंका. परदेशी मासिक वाट पाहत नाही. शिवाय माझा प्रबंध याच निकालावर उभा आहे, हे मला समजत नाही का, असं विचारलंय.

समजतं.

१८ जानेवारी १९९३

निबंध छापून आला. पुण्याच्या एका ओळखीच्याने प्रत पाठवली, सरांनी नाही. वर तीन नावं. सरपोतदार, त्यांचा एक विद्यार्थी ज्याने आयुष्यात तणमोर पाहिलेला नाही, आणि प्रयोगशाळेतले एक. माझं नाव शोधत शेवटच्या पानापर्यंत गेलो. तिथे बारीक अक्षरात आभार. जीप उपलब्ध करून दिल्याबद्दल अमुक खात्याचे, आणि 'क्षेत्रकार्यात साहाय्य केल्याबद्दल श्री. बडगुजर यांचे'. नुसतं 'श्री.', प्राध्यापकसुद्धा नाही.

चिखलात मी बसलो, बर्फ मी वाहिला. मादी माझ्या हातात मेली. माझ्या हातांशिवाय त्या रेघा उमटल्याच नसत्या. आणि ज्याच्या पायाला खैरकुंडीची माती लागली नाही त्याचं नाव वर. माणसाचं काम घ्यायचं आणि माणूस पुसून टाकायचा, याला काय म्हणावं? एवढा अपमान माझा कोणी केला नव्हता.

सुमनला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटचं पान वाचलं. मग म्हणाली, "आणि त्या तानुबाईंचं नाव कुठंय?"

मी म्हटलं, तिचं नाव कशाला असेल, तिला इंग्रजी वाचता येतं का?

"त्यांचं आडनाव काय?"

मला माहीत नव्हतं. सुमनने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि भाकऱ्या टाकायला गेली. बायकांना विषय भरकटवायची सवय असते.

२ फेब्रुवारी

सरांना पत्र लिहून फाडलं. दुसरं लिहिलं आणि तेही फाडलं. तोंडी परीक्षा ऑक्टोबरात आहे. तोपर्यंत गप्प राहणं शहाणपणाचं.

२७ जुलै १९९३

आज विश्रामगृहात बैठक झाली. खैरकुंडीचं कुरण औद्योगिक वसाहतीसाठी मागितलंय, त्यासाठी नेमलेली समिती मुंबईहून आली होती. चारजण होते, आणि सरपोतदार तज्ज्ञ म्हणून. मला स्थानिक तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. सरांनी खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, हे आमचे बडगुजर, पक्षी यांनीच धरले. निबंधाचा विषय निघाला नाही.

सरांचं मत टंकलेलं तयार होतं. या कळपाचं वंशवैविध्य संपलं आहे, संरक्षण दिलं तरी काही पिढ्यांत तो आपोआप नष्ट होईल, त्यापेक्षा साधनसामग्री इतरत्र वापरावी. म्हणजे रोग असाध्य आहे, तेव्हा खाट रिकामी करा. मी जे रक्त पक्षी वाचावा म्हणून काढलं त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सरांच्या आलं होतं का? विचारायची हिंमत झाली नाही.

समितीत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचं नाव नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मला थेट विचारलं, "बडगुजर, तुम्ही तिथे राहिलात. हे एवढेच पक्षी आहेत, की आसपास आणखी कुठे आहेत? नदीपलीकडे वगैरे?"

सर कागदावर काही लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पेन थांबलं.

मी म्हणालो, "त्याबाबत आमच्याकडे नोंद नाही."

"नोंद नाही, की पक्षी नाहीत?"

"नोंद नाही, साहेब."

मग चहा आला. मी त्या टंकलेल्या मतावर सही केली. सरांच्या सहीखाली, आणि पुढे पूर्ण नाव, प्रा. गिरधर तोताराम बडगुजर. या वेळी कोणी विसरलं नाही.

२८ जुलै

मी खोटं बोललो नाही. जे वहीत नाही त्याला नोंद म्हणत नाहीत. लोकसमजूत ही नोंद नव्हे, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो.

आणि मी सही केली नसती तरी कुरण गेलंच असतं. त्यांचं ठरलेलं होतं. मी एकटा काय करणार होतो?

सुमनला बैठकीबद्दल सांगितलं नाही. तिला कळलंच आहे. आज ती माझ्याशी जेवणाखाणापुरतंच बोलतेय.

४ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा अर्ध्या तासात उरकली. बाहेरून आलेल्या परीक्षकाने मृत मादीबद्दल एक प्रश्न विचारला, सरांनीच उत्तर दिलं. डॉ. बडगुजर. धरणगावला पेढे घेऊन गेलो. वडिलांनी शेजारच्या घरी स्वतः नेऊन दिले आणि तिथे बसून राहिले. सुमन म्हणाली, तिला बरं नाही, ती आली नाही.

९ जून १९९४

कुरणावर यंत्रं लागली. वर्तमानपत्रात फोटो आहे. पहिल्या यंत्रापुढे नारळ फोडतायत. शिंदखेड्याच्या पोरांना काम मिळेल असं लिहिलंय, आणि ते खरंही असेल. कामाची गरज आहे हे मी नाकारत नाही.

१७ जुलै

गेलो नसतो तर बरं झालं असतं. पुनाला म्हटलं, सहज जाऊन येऊ.

गवत कुठेच नाही. सपाट मुरूम, खांबांना चुना. आणि पक्षी आले होते. त्यांना कोण सांगणार? एक नर मुरमाच्या ढिगाजवळ उभा राहून उडत होता. लपायला पात नव्हती, म्हणून उडी मारून खाली येताना पूर्ण दिसत होता, त्याचे पाय, पोट, सगळं. ट्रक यायचा तेव्हा बाजूला व्हायचा आणि ट्रक गेला की पुन्हा उडायचा. मादी एकही नव्हती. मी जीपमधून खाली उतरलो नाही.

मुरूम वाहणाऱ्या बायकांत तानुबाई होती. डोक्यावर घमेलं. मला पाहिलं, थांबली नाही, ओळीतून पुढे गेली. परत रिकामी आली तेव्हा मी हाक मारली, अक्का, कशा आहात? ती रिकाम्या घमेल्याकडे बोट करून म्हणाली, दखा आते. मग मुकादमाने ओरडून बोलावलं.

पुनाने वाटेत विचारलं, सर, याच्यासाठीच आपण तेव्हा बर्फ आणत होतो का?

त्याला शास्त्र समजावून सांगणं कठीण आहे.

३ ऑगस्ट

तो नर आता येत नाही, असं वसाहतीच्या चौकीदाराने फोनवर सांगितलं. मीच विचारलं होतं. कुत्र्यांनी धरला की स्वतः गेला, त्याला माहीत नाही. प्रतिपादन खरं ठरलं, असं सरांनी पत्रात लिहिलंय. कळप आपोआप नष्ट झाला.

आपोआप. हा शब्द मी तीनदा वाचला.

२६ ऑगस्ट १९९५

सरपोतदार निवृत्त झाले. त्यांच्या जागी जे आले त्यांनी मला बोलावून सांगितलं की १९९२ च्या निकालावर परदेशात कोणी शंका घेतलीय. नमुने एकाच ठिकाणचे होते, दुसऱ्या कळपाची तुलना नाही. शेजारचा कळप सापडला आणि त्याचं रक्त मिळालं तर नवा निबंध होईल. या वेळी प्रमुख मी. माझं नाव पहिलं.

चार वर्षं जे आतल्या आत खात होतं ते फिटेल असं वाटलं. नदीपलीकडे जायचं. जे तेव्हा राहिलं ते करायचं. सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "परत रक्त?" मी म्हटलं, या वेळी योग्य कारणासाठी.

तिने विचारलं, ते कारण कोण ठरवणार?

१० सप्टेंबर

सकाळी खैरकुंडी. वसाहतीत दोन शेड उभी आहेत, बाकी भूखंड रिकामे, बाभळी माजल्यात. नदीला कमरेएवढं पाणी. माझ्या पाठीला पट्टा आहे, उतरणं शक्य नव्हतं. पुलाकडून जाऊ म्हटलं तर तिकडचा मोरी-रस्ता वाहून गेलाय.

काठावर भाईदास नावाचा एकजण चहाची टपरी चालवतो. त्याला विचारलं, पलीकडे कोणी जातं का? तो म्हणाला, श्रावण-भादव्यात कोणी नाही. दोन वर्षांपासून तिथे एका खडकाला शेंदूर लावलाय. देवीचं ठाणं निघालं म्हणे, या दोन महिन्यांत तिथे शेळी चरली की रोग लागतो, गवत कापलं की हात सुजतो. कोणाला दृष्टांत झाला, विचारलं. तानुबाईला. ती एकटी जाते, पूजेला.

वाईट वाटलं. अशी तीक्ष्ण नजरेची बाई. शाळेत गेली असती तर आमच्या अर्ध्या स्टाफपेक्षा हुशार निघाली असती. आणि म्हातारपणी अशी दगडधोंड्यांच्या मागे लागलीय. एवढं चांगलं गवत अंधश्रद्धेपायी उभं वाळतं. विज्ञान खेड्यापर्यंत पोचलंच नाही, याला आम्हीच जबाबदार.

ती दुपारी पाण्यातून येताना दिसली. डोक्यावर काही नव्हतं, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, पायांत चपला नाहीत. मला पाहून काठावर थांबली. भाईदासकडून तिच्यासाठी चहा घेतला. तिने घेतला, सुमनची चौकशी केली. मला माहीत नव्हतं की मी तिच्यापाशी कधी सुमनचं नाव काढलं होतं.

मग मी विचारलं, पलीकडे अजून खरमोर आहेत का? या वेळी पूर्ण काळजी घेऊ, वाटल्यास फासे तुम्हीच मांडा, रक्तही तुम्हीच काढा. आणि कागदावर तुमचं नाव घालीन.

ती म्हणाली, "व्हतीन तं काय करशात?"

"थेंबभर रक्त घेऊ."

"मंग?"

"मग अहवाल लिहायचा."

"मंग?"

"मग सरकार ठरवेल."

तिने कप विसळून टपरीवर पालथा ठेवला. नदीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "नही शेतस, भाऊ. दोन साल व्हई गयात. एक बी दखाना नही. बठ्ठा गयात."

मी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा, उशिरा येणारे, उंच उडणारे, तुम्हीच म्हणाला होतात. ती म्हणाली, वय झालं, तेव्हा काय बोलले आठवत नाही. तिच्या आवाजात काही कमीजास्त नव्हतं.  तीच शेवटची आशा होती.

इतका लांब आलो होतो, तेव्हा नोंद तरी करावी म्हणून जीपच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं. ती गेली नव्हती, बाजूला उभी होती. चार वर्षांपूर्वी मी तिच्यासमोर किती पानं भरली, तिने कधी वळून पाहिलं नव्हतं.

"लिखी लिधं का?" तिने विचारलं.

हो म्हटलं.

"वाची दखाडा."

मी वाचलं : बुराई नदीच्या उत्तरेकडील कुरण. तणमोर आढळत नाही. कळप नष्ट झालेला. पुढील पाहणीची आवश्यकता नाही.

तिला शेवटचं वाक्य कळलं नसावं, अर्थ विचारला. मी सांगितलं, म्हणजे आता इकडे कोणी येणार नाही.

तिने मान हलवली. म्हणाली, "आजून एक डाव वाचा." मी सावकाश पुन्हा वाचून दाखवलं, आणि तिने खाली सही करायला लावली.